व्हायोलिनवर ग्वाल्हेर ऐकू येतं का? विदुषी एन. राजम यांच्या निमित्ताने

मींड_लष्कर

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका मंडळाच्या संगीतसभेची आखणी चालली होती. बैठकीला मीही होते. एका तरुण व्हायोलिनवादकाचं नाव मी सुचवलं. त्याला पंचवीस मिनिटं द्यायची ठरली, तीही मंडळी येऊन स्थिरस्थावर होईपर्यंतची. कारण सांगितलं ते असं: "ताई, हे गाण्याचं गाव. इथे लोकांना बंदिश लागते. व्हायोलिनवर शब्द कुठे असतात?" तिथे मी काही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. ग्वाल्हेरच्या माणसाने व्हायोलिनला परकं म्हणावं, हे मला फार लागलं. म्हणून हा धागा.

ज्यांचं वादन ऐकून मी वयाच्या चाळिशीत व्हायोलिन हातात घेतलं, त्या एन. राजम यांच्याविषयी आधी लिहिते. जन्म १९३८ चा. घराणं दक्षिणेतलं आणि घरात व्हायोलिनच व्हायोलिन. वडील विद्वान ए. नारायण अय्यर हेच पहिले गुरू. थोरले बंधू टी. एन. कृष्णन पुढे कर्नाटक संगीतातले फार मोठे व्हायोलिनवादक झाले. राजमबाईंच्या हातात तिसऱ्या वर्षी व्हायोलिन आलं. मुसिरी सुब्रमण्य अय्यर यांच्याकडेही त्या शिकल्या, आणि अजून मुलगीच होत्या तेव्हा एम. एस. सुब्बुलक्ष्मींना साथ करायला बसल्या. कर्नाटक संगीतातलं पुढचं आयुष्य त्यांच्यासाठी जवळजवळ आखलेलंच होतं.

ते सोडून त्या काशीला पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडे गेल्या. पंडितजी गायक होते, व्हायोलिनवादक नव्हते. म्हणजे बोट कुठे ठेवायचं, बो (गज) किती ओढायचा, यातलं काहीही सांगणारं समोर कोणी नाही. समोर फक्त गाणं. ते गाणं तारेवर कसं आणायचं, हा शोध शिष्येनेच घ्यायचा. आज आपण ज्याला व्हायोलिनचं गायकी अंग म्हणतो, त्यातला फार मोठा वाटा या शोधाचा आहे. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सुमारे चाळीस वर्षं शिकवलं, तिथल्या संगीत संकायाच्या (विद्याशाखेच्या) प्रमुख झाल्या. १९८४ ला पद्मश्री, १९९० ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००४ ला पद्मभूषण, २०१२ ला अकादमीची रत्नसदस्यता. कन्या संगीता शंकर, नाती रागिणी आणि नंदिनी, भाची कला रामनाथ, सगळ्यांच्या हाती तेच वाद्य. आजी, लेक आणि नाती एका मंचावर बसून एकच ख्याल पुढे नेतात, तेव्हा कोणाचा बो कुठे थांबला आणि कोणाचा कुठून सुरू झाला ते डोळे मिटले की कळत नाही.

आता ग्वाल्हेर घराण्याचा धागा सांगते. ओंकारनाथ ठाकुर विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. विष्णु दिगंबर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे. बाळकृष्णबुवा वासुदेवबुवा जोशींचे, आणि वासुदेवबुवा आपल्या ग्वाल्हेरच्या हस्सू खाँसाहेबांचे. इथली गायकी बाळकृष्णबुवांनी पाठीवर बांधून महाराष्ट्रात नेली, तिथून ती विष्णु दिगंबरांबरोबर लाहोरला गेली, मग काशीला, आणि तिथे मद्रासकडून आलेल्या एका मुलीच्या बोटांत उतरली. हे ग्वाल्हेर नाही तर काय आहे?

पाटणकरबाजार

सुंदर धागा. वाचनखुणेत साठवला.

एक भर घालतो. व्हायोलिनवर गायकी आणणारी मंडळी मोजायला बसलो, तर पुन्हा पुन्हा बाळकृष्णबुवांच्याच दारात येऊन उभा राहतो. गजाननबुवा जोशी (१९११ ते १९८७) पाहा. वडील अंतूबुवा जोशी हे बाळकृष्णबुवांचे शिष्य. गजाननबुवा गायक म्हणून केवढे, आणि व्हायोलिनवरही तेवढेच. उल्हास कशाळकर ज्यांच्याकडे शिकले तेच हे. औंधला आश्विनात होणारा संगीत महोत्सव त्यांच्याच घरचा. दुसरे डी. के. दातार, १९३२ चा जन्म, गाव कुरुंदवाड, म्हणजे विष्णु दिगंबरांचंच गाव. दातारांनी गायकी घेतली डी. व्ही. पलुसकरांकडून, म्हणजे विष्णु दिगंबरांच्या चिरंजीवांकडून. तिसऱ्या राजमबाई, ओंकारनाथांमार्फत.

तिघांच्या वाटा वेगळ्या, मूळ एकच. मला हा योगायोग वाटत नाही. ग्वाल्हेर गायकीत राग बंदिशीतून उलगडतो. स्थायी-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन भाग, आधी नीट मांडायचे, मग बहलावे (संथ स्वरविस्तार), मग बोलअंग (शब्दांशी खेळ), मग सपाट ताना (सरळ धावणाऱ्या). वादकाच्या हाती नकाशा तयार मिळतो. गळ्यावर पक्की बसलेली बंदिश असेल तर तारेवर काय वाजवायचं हा प्रश्नच उरत नाही, कसं वाजवायचं एवढाच उरतो.

जुना_श्रोता

मींडताई, पोटतिडिकीने लिहिलंय, वाचून बरं वाटलं. पण एका ठिकाणी मला अडवावंसं वाटतं.

मी पंडित कृष्णराव शंकर पंडितांना समोर बसून ऐकलेला माणूस. १८९३ चा त्यांचा जन्म, १९८९ ला गेले, आणि उतारवयातही त्यांची तान ऐकून अंगावर काटा यायचा. त्यांची गायकी म्हणजे ग्वाल्हेरचं अष्टांग, गायकीची आठही अंगं: लयीशी सतत खेळ, बोलतानांची (शब्दांतून घेतलेल्या तानांची) झड, टप्प्याची चपळाई. ओंकारनाथजींचं गाणं त्या मानाने फार निराळं. संथ, आलापाने भरलेलं, एकेका शब्दावर भाव ओतणारं. काकूचा, म्हणजे आवाजाच्या चढउतारातून अर्थ सांगण्याचा, त्यांनी जेवढा विचार केला तेवढा फार थोड्यांनी केला. थोर गायक, वाद नाही. पण त्यांच्या गळ्यातून जे राजमबाईंच्या व्हायोलिनवर आलं त्याला "ग्वाल्हेर" म्हणताना मी दोनदा विचार करीन. वंशावळ ग्वाल्हेरची आहे, चाल मात्र ओंकारनाथांची.

मींड_लष्कर

काका, तुमचं म्हणणं मान्य. तुम्ही कृष्णरावांना समोर ऐकलंत, मी फक्त ध्वनिमुद्रणांवर ऐकलं, तेव्हा तुलनेत मी तुमच्यापुढे बोलणार नाही. पण मला वाटतं, वाद्याच्या बाबतीत नेमकी ही काकूच कामाला आली. लयकारी आणि बोल-ताना सतारीवर, सरोदवर आधीपासून वेगळ्या रूपात होत्याच. अडचण होती ती शब्दाच्या भावाची, आणि गुरू मिळाले तेही शब्दाच्या भावावर जीव लावणारे. शिष्येला तेच साधावं लागलं.

तालमीत मी जे शिकतेय त्यातलं थोडं लिहिते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते उघड होईल. ओंकारनाथांची भैरवी, "जोगी मत जा". राजमबाई ही वाजवतात. आमचे सर मला यातली एकच ओळ दीड महिना वाजवायला लावत होते. आधी गाऊन घ्यायची. मग वहीत शब्द लिहून त्यांच्याखाली बोच्या खुणा करायच्या: बो कुठे फिरतो, कुठे फिरत नाही. "मत" मधला "म" ओठ मिटून येतो, त्याला कडा नाही. म्हणून बो तारेवर आधीच टेकलेला हवा आणि वजन हळूच वाढवत स्वर सुरू करायचा. "त" ला बो क्षणभर अडतो, उचलायचा मात्र नाही. "जा" ला "ज" चा बारीक धक्का आणि मग "आ" साठी बो मुळापासून टोकापर्यंत, मध्ये कुठेही न थरथरता. "पाँव" चा "प" वेगळा: तिथे बोला किंचित दाब देऊन सोडायचा, जसे ओठ दाब देऊन उघडतात तसा. गाणारा जिथे श्वास घेतो तिथेच बो उलटायचा. एरवी बो संपत आला तरी उलटायचा नाही, आधीपासून पुरवून वापरायचा. माझा बो पहिले कितीतरी दिवस "जा" च्या मध्यावरच संपायचा.

डाव्या हाताचं आणखी निराळं. पडदे नाहीत, म्हणून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, घ्यायला तार मोकळी मिळते. पण त्यासाठी हात रिकामा हवा. उभं राहून हनुवटीखाली धरलं की वाद्य सांभाळण्याचा थोडा भार डाव्या हातावर येतोच. आपल्याकडे मांडी घालून बसायचं, वाद्याची मान उजव्या पावलाच्या घोट्यापाशी टेकवायची, दुसरं टोक छातीशी. वाद्य असं दोन ठिकाणी अडकलं की डावा हात पूर्ण सुटा होतो आणि एकच बोट खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत घसरत नेता येतं. कर्नाटक संगीतातल्या लोकांनी ही बैठक बसवली नसती, तर गायकी अंग झालंच नसतं असं मला वाटतं.

तरफ

माहितीसाठी विचारतो, तुम्ही तारा कशा मिळवता? मी सा-प-सा-प मिळवतो, माझा मित्र प-सा-प-सा. दोघांत रोज वाद.

मींड_लष्कर

आमचे सर सा-प-सा-प लावतात, म्हणून मीही. दोन्ही तऱ्हा चालतात. ज्या सप्तकात तुमचं जास्त काम आहे ते मधल्या दोन तारांवर आलं म्हणजे झालं.

तरफ

आणि या थंडीत खुंट्या सरकण्याला काय करता? काल रात्री रियाजाला बसलो, कोहरा दाटलेला, हीटर लावला आणि अर्ध्या तासात दोन तारा सैल.

पाटणकरबाजार

हीटर वाद्याजवळ नको, लाकूड सुकून आकसतं. खुंटी बाहेर काढून तिला शाळेतला पांढरा खडू थोडा चोळा, मग आत दाबत पिळा. राळ खुंटीला लावू नका, ती बोसाठीच. वाद्य पेटीत ठेवताना वर सुती कापड टाका. इथल्या बाड्यावर (चौकात) वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका बुजुर्गांनी मला वर्षांपूर्वी हे सांगितलं, त्यानंतर तक्रार नाही.

गोदाकाठ

धागा आवडला, पण मला मूळ प्रश्नावरच शंका आहे. व्हायोलिनवर शब्द ऐकू येतात हे खरंच वाद्याचं काम आहे, की ऐकणाऱ्याच्या आठवणीचं? आमच्या घरी प्रभाकर जोगांचं "गाणारं व्हायोलिन" ऐकत मोठे झालो. सुधीर फडक्यांच्या गीतरामायणाच्या कार्यक्रमांना साथ करणारे तेच जोग. त्यांच्या वादनात प्रत्येक अक्षर ऐकू यायचं, आई सोबत गुणगुणायची. पण आईला ती गाणी पाठ होती! ज्याला मराठी येत नाही, ज्याने ते गाणं कधी ऐकलं नाही, त्याला काय ऐकू येईल? तसंच राजमबाईंचं. तुम्हाला "जोगी मत जा" माहीत आहे म्हणून "मत" ऐकू येतं.

बडोद्याचीलेक

गोदाकाठ यांचा प्रश्न खरा आहे. पण मला त्यात दोन पायऱ्या दिसतात. शब्द ओळखू येणं एक, आणि इथे शब्द आहे एवढं कळणं दुसरं. परक्या भाषेत कोणी बोलत असेल तर अर्थ कळत नाही, तरी तो बोलतोय, गुणगुणत नाही, हे आपल्याला कळतंच की.

जाता जाता, ओंकारनाथजींचा उल्लेख आला की आम्हा इकडच्यांचा ऊर भरून येतो. जहाज हे त्यांचं जन्मगाव, बालपण भरुचला. १८९७ चा जन्म. घरची परिस्थिती अगदी बेताची, तिथून विष्णु दिगंबरांच्या मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात, आणि पुढे लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य. आमच्या बडोद्याला सयाजीरावांनी मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली ती १८८६ ला, आणि तुमच्या ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांच्या काळात भातखंड्यांनी माधव संगीत विद्यालय उभं केलं ते १९१८ ला. दोन्हीकडे राजे मराठी, श्रोतेही बरेचसे मराठी. व्हायोलिनला या दोन गावांत तरी उपरं म्हणू नये, असं मलाही मनापासून वाटतं.

जुना_श्रोता

व्ही. जी. जोगांचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? विष्णु गोविंद जोग, १९२२ ते २००४. रातंजनकरांकडे शिकले, अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकले. बिस्मिल्ला खाँबरोबरची त्यांची जुगलबंदी ज्याने ऐकली नाही त्याने आजच ऐकावी. शहनाई एक वाक्य टाकते आणि व्हायोलिन ते उचलून लयीत असं फिरवून परत देतं की खाँसाहेबही खूश होऊन पुढचं वाक्य टाकतात. तिथे शब्द नाहीत, बंदिशीचा आग्रह नाही, आहे तो लयीचा आणि तंतकारीचा, म्हणजे तंतुवाद्याच्या स्वतःच्या ढंगाचा, आनंद. व्हायोलिनने गायलंच पाहिजे असं नाही, एवढंच मला त्यातून म्हणायचंय. जोगसाहेबांनी त्याला वाद्य म्हणूनच वाजवलं आणि तेही अव्वल.

पाटणकरबाजार

अगदी. आणि म्हणूनच राजमबाईंचा रिपर्टरी पाहताना फरक जाणवतो. ओंकारनाथांचा मालकंस, त्यात "पग घुंगरू बांध", त्यांची नीलांबरी, दरबारी, बागेश्री, मग तराणा, ठुमरी, दादरा, शेवटी भजन. गायकाच्या मैफिलीचा जो क्रम, तोच त्यांच्या वादनाचा. भावाबरोबर, म्हणजे कृष्णन यांच्याबरोबर, उत्तर-दक्षिण जुगलबंदी बसवली तेव्हाही त्यांची बाजू ख्यालाचीच राहिली. ज्या पद्धतीत त्या वाढल्या तीच समोर भावाच्या हातात वाजतेय, आणि तरी हात तिकडे वळत नाही. हे मला फार अवघड वाटतं. लहानपणीचं वळण बोटांतून जात नाही म्हणतात. कर्नाटक संगीतातला गमक हा स्वराला आंदोलनातच ठेवतो, आपल्याकडे स्वर आधी उभा राहायला लागतो. स्थिर सा लावणं त्यांना नव्याने शिकावं लागलं असेल.

मींड_लष्कर

पाटणकरबाजार, शेवटची दोन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. आमचे सर हेच म्हणतात: "हलवणं सोपं, थांबवून धरणं कठीण." मालकंसाच्या विलंबितात (संथ लयीत) राजमबाई मध्यमावर येऊन थांबतात, तिथे बो चालू असतो की नाही याची शंका यावी इतका तो संथ जातो आणि स्वर तरी भरलेला राहतो. गाणाऱ्याच्या छातीत हवा असते. इथे बोचे घोड्याचे केस आणि मनगट एवढंच.

काका, जोगसाहेबांबद्दल पूर्ण सहमत. मला कोणाला खाली बसवायचं नाही. मंडळाच्या बैठकीत "शब्द नाहीत" म्हणून पंचवीस मिनिटं मिळाली, तेवढ्यापुरती माझी तक्रार आहे.

गोदाकाठ यांची शंका मात्र चार दिवस मनात राहिली. म्हणून काल घरी करून पाहिलं. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिने "जोगी मत जा" कोणाच्याही गळ्यातून ऐकलेलं नाही, माझा रियाज चालतो तेव्हा ती आजीकडे असते. तिला राजमबाईंचं वादन लावून दिलं, हातात कागद आणि पेन्सिल दिली, आणि एवढंच सांगितलं: जिथे नवीन शब्द सुरू झाला असं वाटेल तिथे उभी रेघ मार. काय गाणं आहे, कोणतं, काही सांगितलं नाही.

पहिल्या फेरीत ती गोंधळली. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा मुखड्यावर, म्हणजे पहिल्या ओळीवर, तिने रेघा ओढल्या. शब्द अर्थात तिला एकही सांगता आला नाही. पण कागदावर आधी एक लांब जागा, मग एक लहान-एक मोठी, पुन्हा लहान-मोठी, पुन्हा लहान-मोठी, असं आलं. मी विचारलं, हे असं का काढलंस? म्हणाली, "इथे तीनदा तेच म्हणतायत, पण तिसऱ्यांदा जास्त हळू." मत जा, मत जा, मत जा.

गोदाकाठ

हे वाचून मी माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. अर्धंच! पुढच्या वेळी तिने न ऐकलेला द्रुत (जलद लयीचा) ख्याल लावून पाहा, तिथे शब्द इतके पसरलेले नसतात.

जुना_श्रोता

लेकीला माझा आशीर्वाद. तिला या वेळी हजीऱ्याला, तानसेनांच्या समाधीपाशी, तानसेन समारोहाला घेऊन या. सकाळी ढोलीबुवांची हरिकथा आणि मग मीलाद, तिथपासून बसवा. थंडी फार असते, दोन स्वेटर घाला. मी पुढच्या रांगेत डाव्या हाताला असतो, येऊन भेटा.

मींड_लष्कर

येते काका, नक्की. गजकही आणते. आणि द्रुत ख्यालाचा प्रयोग रविवारी करणार आहे. सर म्हणाले, मालकंसातली द्रुत बंदिश आधी मी वाजवून बघावी, मुलीने माझ्या बोवर रेघा ओढाव्यात, आणि मग राजमबाईंच्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहायचे. मंडळाच्या सचिवांनाही बोलावलंय, ते येतो म्हणालेत.